याकितोरी: टोकियोत रात्री उशिरा खाल्ल्या जाणाऱ्या काड्यांवर नेमकं काय असतं?

टोकियोच्या शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेला ‘ओमोइदे योकोचो’ नावाची बोळ आहे. समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं, इतकी अरुंद. दोन्ही बाजूंना मोजक्या स्टुलांची दुकानं आणि सगळीकडे धूर. ऑफिसातून उशिरा सुटलेली मंडळी इथे बसतात, पण एक डोळा घड्याळावर ठेवून, कारण एकच्या सुमारास लोकल बंद होते आणि टॅक्सी परवडत नाही.

जपानीत ‘याकि’ म्हणजे भाजलेलं आणि ‘तोरि’ म्हणजे पक्षी, इथे कोंबडी. पण या बोळीची सुरुवात कोंबडीने झाली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या सुमारास इथे काळा बाजार भरायचा. पिठावर सरकारी नियंत्रण आलं, तेव्हा दुकानदार गाय-डुकराच्या वजडीकडे वळले, कारण तिच्यावर नियंत्रण नव्हतं. कोंबडी तेव्हा महाग होती. पुढे ब्रॉयलर कोंबड्या वाढल्या, तेव्हा कुठे याकितोरी सामान्य माणसाच्या खिशात बसली. १९९९ मध्ये आगीत बोळीचा काही भाग जळाला, तरी ती उभी आहे.

टंचाईतली ती सवय मेनूवर अजून दिसते. ‘मोमो’ म्हणजे मांडी, ‘नेगिमा’ म्हणजे मांडीचे तुकडे आणि मधेमधे जाड कांद्याची पात, ‘त्सुकुने’ म्हणजे खिम्याचे गोळे. त्यापुढे कातडी, कलेजी, हृदय, पोटा, कूर्चा, अगदी शेपटीकडचा चरबीचा तुकडाही. आपल्याकडे पोटा-कलेजी आवडीने खाणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

चव दोनच प्रकारची: ‘शिओ’ म्हणजे फक्त मीठ, किंवा ‘तारे’ म्हणजे सोया सॉस, साखर आणि तांदळाच्या दारूचा गोडसर रस. काही दुकानांत या रसाचं भांडं कधी पूर्ण रिकामं करत नाहीत, त्यातच नवा रस ओततात. चांगल्या दुकानात ‘बिंचोतान’ हा ओकच्या लाकडाचा कडक कोळसा असतो. तो स्वतः फारसा धूर करत नाही. धूर होतो तो निखाऱ्यांवर पडणाऱ्या चरबीचा, आणि चवही बरीचशी त्याचीच. काड्या ओवायला शिकायला तीन वर्षं लागतात, भाजायला आयुष्य, असं तिथले कारागीर म्हणतात.

मग वाद कशावरून होतात? एक, मांस काडीवरून काढून वाटून खाण्यावरून. तसं केल्याने ते लवकर गार होतं आणि रस निघून जातो, म्हणून काही दुकानदारांनी ‘कृपया काढू नका’ अशी विनंतीच केली होती. दुसरा वाद बिलाचा. न मागता आलेली छोटी वाटी, म्हणजे ‘ओतोशी’, फुकट नसते. ती बसण्याची आकारणी असते, साधारण ३०० ते ५०० येन. पाहुण्यांना ही फसवणूक वाटते, पण ती तिथली सर्वमान्य पद्धत आहे. रस्त्यावर हाताला धरून आत नेणाऱ्या दलालांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्यापासून लांबच राहावं.

खरी काळजी घ्यायची ती कच्च्या मांसाची. काही ठिकाणी कोंबडी मुद्दाम अर्धकच्ची देतात. तिच्यातून कॅम्पिलोबॅक्टर जंतूची विषबाधा होऊ शकते. मांस आतपर्यंत ७५ अंश सेल्सिअसला किमान एक मिनिट शिजवा, असं जपानचं आरोग्य खातं सांगतं. काडी आतून गुलाबी दिसली, तर पुन्हा भाजून मागण्यात संकोच नको.

शाकाहारींसाठी शिताके मशरूम आणि हिरव्या ‘शिशितो’ मिरच्या असतात, पण बहुतेकदा त्याच जाळीवर भाजलेल्या.