वळवाचे दप्तर

खानदेशाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी किल्ल्यांची मोजदाद केली, घराण्यांच्या वंशावळी लावल्या, तह आणि लढाया यांच्या तिथी निश्चित केल्या. परंतु ज्या हवेत ही सारी माणसे जगली, त्या हवेच्या वाट्याला इतिहासात फारच थोडी जागा आली आहे. जी आली ती दुष्काळाच्या रूपाने. दुष्काळ वर्षभर टिकतो, शेकडो गावांवर पसरतो आणि सरकारची वसुली बुडवतो. म्हणून तो दप्तरात शिरतो. वैशाखातल्या एखाद्या दुपारी अर्धा तास येऊन एकाच शिवाराची वाताहत करून जाणारा वळीव मात्र दप्तराच्या बाहेरच राहिला. कुणब्याच्या संसाराला दोन्ही सारखेच बुडवतात. पण एकाचा इतिहास लिहिला गेला आणि दुसऱ्याचा नाही. असे का झाले, याचा विचार करण्यासाठी सोनगीरसारखे गाव सोयीचे आहे.

धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघाले की पाच-सहा कोसांवर सोनगीर लागते. गावाला लागून असलेल्या टेकडीवर किल्ला आहे. सुवर्णगिरी हे त्याचे भारदस्त नाव. १३७० साली फिरोजशहा तुघलकाकडून मलिक राजा फारुकी याला थाळनेरचा मुलूख मिळाला आणि खानदेशात फारुकी अंमल सुरू झाला. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला तेव्हा खानदेश मोगलांचा झाला. पुढे निजामाचा, मग मराठ्यांचा आणि १८१८ नंतर इंग्रजांचा. किल्ल्याखालच्या रस्त्याने फौजा गेल्या, व्यापाऱ्यांचे तांडे गेले. गावात तांब्या-पितळेची भांडी घडवणारे कारागीर नांदले आणि सोनगीरचा हंडा-कळशी खानदेशातल्या घराघरांत पोचली. अंमल पाच वेळा बदलला. उन्हाळा बदलला नाही.

हा उन्हाळा कसा असतो ते खानदेशाबाहेरच्या वाचकास थोडे सांगितले पाहिजे. सातपुडा आणि सह्याद्रीच्या रांगा यांच्यामध्ये तापीचे हे खोरे पसरलेले आहे. काळी जमीन ऊन पिते आणि भेगाळते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर असणे हे रोजचेच. तो ४५ च्या वर गेला तरी कोणी नवल करीत नाही. परंतु हे ऊन कोरडे असते. दुपारी हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास किंवा तिच्याही खाली उतरते. अंगावरचा घाम दिसण्यापूर्वीच वाळतो. म्हणून या प्रदेशाने उन्हाशी जे तह केले ते सारे बाष्पीभवनाच्या आधारावर केले. माठ आणि रांजण, दारावरचे वाळ्याचे ओले पडदे, अलीकडचे कूलर, ही एकाच युक्तीची रूपे होत. धाब्याच्या घरांच्या जाड मातीने दिवसाचा ताप अडवायचा आणि रात्री धाब्यावर अंथरूण घालून उघड्या आभाळाखाली झोपायचे, हा त्या तहाचा दुसरा भाग. आखाजीला नवी घागर भरून पितरांची आठवण करायची, ही रीतही याच हवेतली. तहानेचा महिना ओळखून तिथे धर्माने पाणी ठेवले आहे.

कोरडी हवा आहे तोपर्यंत हा तह पाळला जातो. तो मोडतो दमट वारे आल्यावर. मेच्या उत्तरार्धात अरबी समुद्रावरून, कधी बंगालच्या उपसागरावरून, बाष्प आत शिरू लागते. पारा दोन-तीन अंशांनी खाली येतो आणि माणसे मात्र अधिक कासावीस होतात. कारण घाम निथळतो, पण वाळत नाही. तापमानाचा आकडा एकट्याने किती फसवा असतो, याचे दुःखद उदाहरण खारघरला घडले. १६ एप्रिल २०२३ रोजी तेथे भर उन्हात महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि उष्माघाताने १४ जण दगावले. खानदेशी माणसाने ज्याला कडक ऊन म्हटले नसते असे ते ऊन होते. पण ते समुद्रकाठचे, दमट हवेतले ऊन होते.

ही दमट हवा आल्याची वर्दी सोनगीरच्या भांड्यांनी पिढ्यान् पिढ्या दिली आहे. पितळी तांब्याला बाहेरून घाम सुटला की पाऊस जवळ आला, असे जुनी माणसे म्हणत. या समजुतीत शास्त्र आहे, आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. माठातले पाणी रात्रीच्या कोरड्या हवेत गार होऊन २२-२३ अंशांवर येते. हवा कोरडीच राहिली तर असे पाणी तांब्यात ओतून ठेवा, बाहेर थेंबही धरणार नाही. परंतु मध्यंतरी हवा पालटली, बाष्पाने भारलेली नवी हवा आली, तर त्याच गार धातूवर तिच्यातले पाणी सुटून थेंब जमतात. म्हणजे तांब्याचा घाम हा हवेत बाष्प असल्याचा पुरावा तर आहेच, शिवाय हवा बदलल्याचाही तो पुरावा आहे. कासाराने घडवलेले भांडे असे नकळत आर्द्रतामापक झाले. मात्र त्याची साक्ष तेवढ्यापुरतीच घ्यावयाची. पावसाची सामग्री गावात येऊन पडली, एवढेच तो तांब्या सांगतो. पाऊस पडेल का, कोणाच्या शेतात पडेल, गारा घेऊन येईल की नुसती धूळ उडवून जाईल, हे तो सांगत नाही.

आणि खरी अडचण नेमकी इथेच आहे. खाली दमट हवा, तिच्यावर उत्तरेकडून आलेल्या कोरड्या, उष्ण हवेचे झाकण, अशी अवस्था दिवसचे दिवस टिकू शकते. झाकण पक्के असले तर सायंकाळी ढग गोळा होतात आणि विरून जातात. ते एखाद्या ठिकाणी फुटले की खालची हवा उसळून वर जाते आणि घटकाभरात मैलोगणती उंचीचा ढग उभा राहतो. खालची हवा फार कोरडी असेल तर ढगातून सुटलेले थेंब वाटेतच आटतात. त्यामुळे गार आणि जड झालेली हवा दणकन जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. अहिराणीत ज्याला वावधन म्हणतात ते हेच. पत्रे उडतात, आंब्याचा सडा पडतो, रावेर-यावलच्या बागांत घडांनी लगडलेली केळी आडवी होते, आणि पाऊस म्हणावा तर चार टपोरे थेंब.

वादळी ढगाचा जन्म, भर आणि मरण या तीन अवस्था होरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखाली १९४६-४७ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या पाहणीतून नीट उलगडल्या. एका ढगाचे आयुष्य अर्धा-पाऊण तासाचे, फार तर तासाभराचे, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे १९६३ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी दाखवून दिले की वातावरणाच्या आरंभीच्या स्थितीतली बारीकशी चूकही पुढे वाढत जाऊन सगळे भाकीत बिघडवू शकते. तेव्हा वळवाचा लहरीपणा हा आपल्या अज्ञानाचाच भाग आहे असे नाही. तो त्याच्या स्वभावाचाही भाग आहे. आजचा हवामानशास्त्रज्ञ ‘उद्या धुळे-जळगावात वादळी पावसाची शक्यता’ एवढे बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. कोणत्या शिवारात, हे तो ढग उभा राहिल्यावरच सांगू शकतो. आणि तेव्हा हातात अर्धा तास उरलेला असतो.

लोकांनी या अनिश्चिततेला आपापल्या परीने उत्तरे शोधली. पंचांगात रोहिणी, मृग, आर्द्रा या नक्षत्रांना बेडूक, म्हैस, मोर, गाढव अशी वाहने दिलेली असतात आणि त्यांवरून पावसाचा अंदाज बांधला जातो. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी घटमांडणी होते आणि दुसऱ्या पहाटे घटाभोवतीच्या धान्यांची स्थिती पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगितले जाते. त्याला शास्त्राचा आधार नाही. तरी ते ऐकायला माणसे लांबून जातात. सरकारनेही आपल्या गरजेतून उत्तर शोधले. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ मधील पावसाची ओढ यांनंतर १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. लवकरच त्यांनी हिमालयातील बर्फावरून मोसमी पावसाचे भाकीत करावयास आरंभ केला. १९२८ मध्ये या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. घट मांडणारा काय किंवा बर्फ मोजणारा काय, दोघांचेही लक्ष वर्षाच्या बेरजेवर होते. एका दुपारचे उत्तर कोणीच मागितले नव्हते.

महसुलाचीही तीच कथा आहे. पेशवाईच्या काळात पीक बुडाले तर पाहणी करून सूट किंवा तहकुबी देण्याची वहिवाट होती. ती मिळणे कामगारांच्या मर्जीवर असे, पण त्या त्या वर्षीच्या पिकाकडे पाहिले जाई. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीपद्धतीने सारा तीस वर्षांसाठी कायम केला. चांगली वर्षे वाईट वर्षांची भरपाई करतील, असा त्यामागचा हिशेब. कागदावर तो चोख होता. परंतु सरासरी ही मुलखाची असते. गार पडते ती एकाच्या उभ्या पिकावर. त्याची भरपाई करणारे चांगले वर्ष येईपर्यंत सावकार थांबत नाही. १८५२ मध्ये ही पाहणी खानदेशात आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल येथे शेतकऱ्यांनी दंगे करून तिला विरोध केला. त्या दंग्यांची कारणे अनेक होती. पण आपल्या जमिनीचे भवितव्य दुसऱ्याच्या मापाने ठरणार, ही धास्ती त्यांत होतीच. पुढे आणेवारी आली, तिची पैसेवारी झाली; माप मात्र अख्ख्या गावाचे राहिले.

आज माप लहान झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. राज्यात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस मंडळात नोंदला गेला की ती अतिवृष्टी ठरते. तथापि एका मंडळात अनेक गावे असतात आणि वळवाची धार एक बांध ओलांडून थांबते. केंद्रावर पाच मिलिमीटर आणि चार कोसांवर शेतात गुडघाभर पाणी, असे होऊ शकते. आणि मग शेत खोटे ठरते, आकडा खरा ठरतो. गारपीट-वादळाचा पंचनामा शेतावर जाऊन होतो, आणि ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर मदत मिळते. पण गारा कोणाची वाट पाहत नाहीत, त्या तासाभरात वितळतात. २०१६ साली सुरू झालेल्या पीक विमा योजनेने अशा स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत देण्याची अट घातली होती. घराचे छप्पर उडालेल्या माणसाने आधी काय सावरावे, हा प्रश्न त्या अटीला पडला नव्हता.

मोठे संकट मात्र नोंदीतून सुटत नाही. १८८८ च्या ३० एप्रिलला मुरादाबादकडे गारांनी २४६ माणसे मारली, हे जगाला ठाऊक आहे, कारण माणसे मोजली गेली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट महाराष्ट्राच्या लक्षात राहिली, कारण ती पंधरवडाभर जिल्ह्यामागून जिल्हे झोडपीत गेली. पण विजेचे बळी एकेकटे जातात: झाडाखाली उभा राहिलेला गुराखी, कांदा झाकायला धावलेली बाई. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, आणि त्यांतले बहुतेक मृत्यू वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या चार ओळींत संपतात.

वळवाचा आणखी एक घात असतो, तो गोडीचा. मेअखेर एखादी दमदार सर येते, मातीला वास सुटतो, आणि मृगाच्या आधीच पेरून घ्यावे असा मोह होतो. मोसमी पाऊस खानदेशात साधारणपणे जूनच्या मध्यावर पोचतो; मधल्या उघडिपीत कोंब करपतात आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा कृषी खात्याचा सल्ला त्यासाठीच आहे.

तेव्हा करावयाचे काय? ढगाला शिस्त लावता येणार नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजा टिपणारे जाळे उभारले आहे आणि ‘दामिनी’ या ॲपवरून इशारा मिळू लागला आहे; तो अर्धा तास शेतातल्या माणसापर्यंत पोचला तर जीव वाचतात. पण नोंदीचे काम गावाचेच आहे. शाळेच्या अंगणात एक साधे पर्जन्यमापक, शिवाराच्या चार दिशांना आणखी चार, आणि ग्रामपंचायतीत एक वही: अमुक तारीख, अमुक वेळ, वारा कोणीकडून, गारा बोराएवढ्या की लिंबाएवढ्या, कोणत्या गटांत पडल्या. दहा वर्षांत त्या वहीचे वजन सरकारदरबारी जाणवू लागेल आणि पन्नास वर्षांत ती इतिहासाचे साधन होईल. याच धुळ्यात १९२६ साली राजवाडे वारले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. गावोगावी हिंडून त्यांनी जमवलेले कितीतरी कागद लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने अगदी क्षुल्लकच होते. कोणाचे शेत केव्हा झोडपले गेले, हा मजकूरही तसाच क्षुल्लक आहे. तो लिहून ठेवला पाहिजे.