एअर चीफ मार्शल चौधरी, ओझरची विमाने आणि आमचा प्रश्न

३० सप्टेंबर २०२१ रोजी विवेक राम चौधरी हवाई दल प्रमुख झाले, तेव्हा 'मराठवाड्याचा सुपुत्र' म्हणून त्यांचे कौतुक झाले. नांदेड जिल्ह्याच्या हदगाव तालुक्यातले हस्तरा हे त्यांच्या घराण्याचे गाव. मुळगावकर, टिपणीस आणि नाईक यांच्यानंतर या पदावर पोहोचलेले ते चौथे मराठी अधिकारी. अभिमान आम्हालाही वाटला. पण सुपुत्र म्हटले की चर्चा संपते. ज्या शिडीने माणूस वर गेला ती शिडी कुणाच्या दारापर्यंत येते, हे कुणी विचारत नाही. चौधरी साहेबांची जात काढण्यासाठी हा लेख नाही. आमचा प्रश्न शिडीबद्दल आहे.

त्यांची कारकीर्द बघा. खडकवासल्याची एनडीए, डिसेंबर १९८२ मध्ये लढाऊ वैमानिक म्हणून कमिशन. मिग-२१, मिग-२३, मिग-२९ आणि सुखोई-३० या विमानांवर मिळून ३८०० तासांहून अधिक उड्डाण. सियाचीनचे ऑपरेशन मेघदूत आणि कारगिलच्या वेळचे ऑपरेशन सफेद सागर, दोन्हींत सहभाग. नव्या वैमानिकांना शिकवणारे प्रशिक्षकही ते होते. २०२० मध्ये वेस्टर्न एअर कमांड, पुढे उपप्रमुख, मग प्रमुख आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी निवृत्ती. कर्तृत्व निर्विवाद आहे.

आता यातल्या विमानांकडे नाशिकहून बघू. मिग-२१ आणि सुखोई आमच्या ओझरच्या एचएएल कारखान्यात तयार झाली. मिग-२९ आणि सुखोईची मोठी दुरुस्ती ओझरच्याच हवाई दलाच्या ११ बेस रिपेअर डेपोत होते. हा कारखाना १९६४ चा. त्याच्या आदल्या वर्षी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. १९५७ ते १९६२ या काळात हीच जागा कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी लढून जिंकलेली होती, याची आठवण मात्र नाशिकमध्ये कमी लोक ठेवतात.

ओझरच्या कारखान्यात आमची माणसे लागली, कारण सरकारी उपक्रमांत आरक्षण लागू होते. आयटीआय झालेला पोरगा फिटर झाला, त्याचे घर उभे राहिले, मुली शिकल्या. विमान बनवणाऱ्या हातांसाठी घटनेने दार उघडले. विमान उडवणाऱ्या हातांसाठी ते उघडलेले नाही. सैन्यदलांच्या भरतीत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही. एनडीएच्या परीक्षेत आमच्या मुलांना फी माफ आहे, जागा राखीव नाही. वयाची सवलतही नाही. फी माफ, जागा नाही!

यावर ठरलेले उत्तर येते की फौजेत गुणवत्ताच चालते. गुणवत्तेचा इतिहास आम्हाला शिकवू नका. रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवत होते. बाबासाहेब दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा, १८९२-९३ च्या सुमारास, इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. त्यांची गुणवत्ता एका रात्रीत आटली होती काय? पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये पुन्हा महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. प्रत्येक वेळी जवान तेच होते, बदलला तो फक्त आदेश.

हवाई दल तर त्याहून वेगळे. ते जन्मले ८ ऑक्टोबर १९३२ रोजी, पुणे करारानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी. पहिले भारतीय वैमानिक इंग्लंडच्या क्रॅनवेलला शिकून आले. म्हणजे तेव्हा ज्यांच्या घरी इंग्रजी होते, त्यांच्यासाठीच तो रस्ता होता. येवल्याच्या घोषणेचे वर्ष १९३५. त्याच वर्षी डॉ. मुंजे यांनी हिंदूंच्या लष्करी शिक्षणासाठी संस्था काढली आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. हेच मुंजे १९३२ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीविरुद्ध राजा-मुंजे करार करून बसले होते. आमची माणसे काळाराम मंदिराच्या दारात मार खात होती, तेव्हा याच शहरात भावी अधिकाऱ्यांची शाळा आकाराला येत होती. ही दूरदृष्टी आम्ही नाकारत नाही. उलट ती आपण का दाखवली नाही, हे आता स्वतःलाही विचारायला हवे.

कारण अधिकारी परीक्षेच्या दिवशी घडत नाही. लेखी परीक्षेनंतर सर्व्हिस सिलेक्शन बोर्डाचे पाच दिवस असतात. गटचर्चा, मुलाखत, मैदानी कामे. इंग्रजीत बोलताना अडखळणारा पोरगा तिथे मागे पडतो, त्याचे धैर्य कमी असते म्हणून नव्हे. वैमानिकासाठी वेगळी चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालेला पुन्हा उभा राहू शकत नाही. हे सगळे वस्तीतल्या मुलाला अठराव्या वर्षी पहिल्यांदा कळते, तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. सरकारने अधिकारी श्रेणीतील सामाजिक प्रतिनिधित्वाचे आकडे संसदेत ठेवावेत, नावे नकोत, फक्त आकडे. २०२२ मध्ये अग्निवीरांच्या अर्जात जातीचा दाखला का, असा गदारोळ झाला, तेव्हा सरकारचे उत्तर होते की ही पद्धत जुनीच आहे. मग जुन्या पद्धतीने गोळा झालेली माहिती मांडायला काय हरकत आहे?

दुसरी मागणी आपल्या माणसांकडे. सातारच्या सैनिक शाळेत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत, जमातींसाठी साडेसात. छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्था आहे, आणि २०२३ पासून आपल्या नाशिकमध्ये मुलींसाठीही. जयंतीच्या डीजेची वर्गणी ज्या उत्साहाने जमते, त्याच्या निम्म्या उत्साहाने या प्रवेशांची माहिती घरोघर पोहोचवा. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. आणि दहावी झालेल्या पोरापोरींना आजच सांगा की अकरावीत गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नका, हवाई दलाला दोन्ही लागतात.