शंका आली की हात काढून घ्यावा

माझ्या पुतणीने मध्यंतरी विचारले, "काका, गाडीत स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागला तर चाक लॉक होतं का हो?" ती दर आठवड्याला नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला एकटी गाडी चालवत जाते. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

१९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्याने २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन बससेवा सुरू केली. तेव्हा सुकाणू (हा आमचा वर्गातला शब्द, ड्रायव्हर मंडळी 'ष्टेरिंग'च म्हणत) निव्वळ मनगटाच्या जोरावर फिरायचे. खरे तर अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिसने तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग १९२६ मध्येच करून दाखवले होते. पण विकायच्या मोटारीत ते आले १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. विजेच्या मोटरवरचे आले १९८८ मध्ये, जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्होत.

इथे एक नवीनच भीती निर्माण झाली. तेलाचा पंप बंद पडला तर फार तर चाक जड होई. विजेची मोटर मात्र चुकीचा हुकूम मिळाला तर चाक आपणहून फिरवू शकते! मदत न मिळणे परवडले, उलटी मदत नको. म्हणून अभियंत्यांनी धोरण ठरवले की शंका आली की मोटरने हात काढून घ्यायचा.

चाकाच्या दांड्यात एक बारीक कांडी असते. आपण चाक फिरवले की तिला पीळ बसतो आणि तो पीळ सेन्सर दोन वेगवेगळ्या संदेशांनी कळवतो. दोघांची साक्ष जुळली नाही की संगणक रिले तोडतो, दिवा लावतो. बॅटरीचा दाब फार उतरला तरी मदत कमी किंवा बंद होते. पण चाकापासून टायरपर्यंतचा लोखंडी सांधा तसाच राहतो. म्हणजे बाई गं, चाक लॉक होत नाही, जड होते. दोन्ही हातांनी धरायचे, वेग कमी करून बाजूला घ्यायचे.

दुसरा प्रकार उन्हाळ्यातला. गंजगोलाईत सोळा रस्त्यांची गर्दी, त्यात गाडी लावताना चाक टोकापर्यंत पुन्हा पुन्हा पिळले की मोटर तापते. मग संगणक तिचा विद्युतप्रवाह हळूहळू कमी करतो. दिवा बहुधा लागतही नाही. थोडा वेळ थांबले की मोटर निवते, चाक पुन्हा हलके होते.

अर्थात मदत अचानक गेली तर तेही वाईटच. २०१० च्या मार्चमध्ये जनरल मोटर्सने याच कारणासाठी सुमारे १३ लाख गाड्या परत बोलावल्या. म्हणून नव्या काही मोटरींत दुहेरी वेटोळी असतात, एक गेले तरी अर्धी मदत उरते.

आणि हो, जुलै २०२३ मध्ये मारुतीने एस-प्रेसो आणि इको मिळून ८७,५९९ गाड्या तपासायला बोलावल्या, त्या स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी. ती साधी लोखंडी दांडी आहे. तिला ना सेन्सर, ना दिवा. सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली की मेकॅनिकला ती हलवून बघायला सांग.