'एमएसएम' म्हणजे नेमकं कोण?

संशोधनाला सुरुवात करताना आपण शोधपेटीत कुठला शब्द टाकतो, यावर बरंच अवलंबून असतं. चुकीचा शब्द टाकला तर माणसंच गायब होतात. समलिंगी पुरुषांच्या चळवळीचं बघा.

अशोक राव कवी हे मुंबईचे पत्रकार. १९९० मध्ये त्यांनी 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक सुरू केलं, १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभा केला. तेव्हा कलम ३७७ लागू होतं. म्हणजे दोन प्रौढ पुरुषांचा संमतीचा संबंधसुद्धा गुन्हा! तरीही ट्रस्टला वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत जागा मिळाली. हे कसं जमलं? माझ्या मते उत्तर एड्समध्ये आहे. हक्क मागायला गेलं की दार बंद. कंडोम आणि तपासणीची गोष्ट काढली की तेच दार किलकिलं व्हायचं.

पण आत शिरताना नाव बदलावं लागलं. सरकारी कागदांत 'समलिंगी' शब्द फारसा येत नाही, 'एमएसएम' येतो : पुरुषांशी शरीरसंबंध असणारे पुरुष. साथरोगशास्त्राला हा शब्द सोयीचा, कारण विषाणू वर्तनावरून पसरतो, ओळखीवरून नाही. स्वतःला समलिंगी न म्हणणारा विवाहित पुरुषही त्यात मोजला जातो. आमच्या गडमुडशिंगीत मात्र स्वतःची ओळख 'एमएसएम' अशी सांगणारा मला तरी कुणी भेटलेला नाही.

आता एक भन्नाट साधन सांगतो. नाझ फाउंडेशननं २००१ मध्ये कलम ३७७ विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली, तीही एड्स प्रतिबंधाच्या कामात अडथळा येतो म्हणून. त्यात गृह मंत्रालय म्हणालं, कलम हवं. आणि आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या 'नॅको'नं २००६ मध्ये सांगितलं की या कलमामुळे लोक लपून राहतात, त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. सरकार एकच, खटलाही एकच! २ जुलै २००९ चा निकाल वाचलात तर दोन्ही बाजू एकाच ठिकाणी सापडतील. तो निकाल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला संमतीचे संबंध अखेर गुन्ह्यातून सुटले.

अहवालांत संसर्गाचं प्रमाण मिळेल, प्रेम मिळणार नाही. त्यासाठी 'बॉम्बे दोस्त'चे जुने अंक उघडा, आणि आधी वाचकांची पत्रं वाचा.