ख्रिस्ती मंडळीतील नैतिक अनुशासन

श्रद्धावंताचे आचरण ही केवळ त्याची व ईश्वराची खाजगी बाब नसून त्याविषयी तो सहधर्मीयांनाही उत्तरदायी असतो, या तत्त्वावर आधारलेली ख्रिस्ती धर्मसंघातील व्यवस्था. दोषनिदर्शन, पापनिवेदन, प्रायश्चित्त, बहिष्कार व पुनःस्वीकार ही तिची प्रमुख अंगे होत. उत्तर कोणाला द्यावयाचे, समस्त मंडळीला, धर्मगुरूला की निवडलेल्या पंचांना, या प्रश्नाभोवती तिचा इतिहास घडत गेला आहे.

या व्यवस्थेचा आधार नव्या करारात आहे. मत्तयकृत शुभवर्तमानात (18:15–17) अपराधी बंधूच्या बाबतीत क्रमाने योजावयाचे उपाय सांगितले आहेत. प्रथम एकांतात त्याचा अपराध दाखवावा. न ऐकल्यास एकदोन साक्षीदार सोबत न्यावेत. तरीही न ऐकल्यास मंडळीला कळवावे आणि तिचेही न मानल्यास त्याला परका समजावे. बापाच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या एका सभासदाला दूर करण्याचा आदेश पौलाने करिंथच्या मंडळीला दिला. पण त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, शिक्षा भोगलेल्या अपराध्याला क्षमा करून धीर द्यावा, असेही सांगितले. बहिष्कार हे साधन व पुनःस्वीकार हे साध्य, अशी ही भूमिका होती. मंडळीच्या ‘वडिलां’वरील म्हणजे पुढाऱ्यांवरील आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून दाखल करून घेऊ नये, मात्र पाप करीत राहणाऱ्यांचा दोष सर्वांसमक्ष दाखवावा, असा नियम तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (5:19–20) आढळतो.

तिसऱ्या शतकात या व्यवस्थेची कसोटी लागली. रोमन सम्राट डीशियस (कार. 249–251) याने प्रजेला देवतांपुढे बळी अर्पण करण्याची सक्ती केली. तेव्हा अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी दिले, तर काहींनी पैसे चारून तसे दाखले मिळविले. छळ ओसरल्यावर या धर्मच्युतांनी पुनःप्रवेश मागितला. धर्मत्यागाच्या पापाची क्षमा करण्याचा अधिकार मंडळीला नाही, असे रोममधील नोव्हेशियनचे मत होते; उलट सर्वांना तत्काळ सामावून घ्यावे, असे काहींचे म्हणणे होते. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मध्यम मार्ग स्वीकारला. 251 मध्ये कार्थेज येथे भरलेल्या परिषदेने प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करण्याचे ठरविले. केवळ दाखले घेणाऱ्यांना प्रायश्चित्तानंतर प्रवेश मिळाला, तर प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांना तो मृत्युशय्येवर द्यावा, असे ठरले. नायसियाच्या परिषदेने (325) सक्तीवाचून धर्म सोडणाऱ्यांसाठी तीन टप्प्यांचे, एकूण 12 वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले.

या अनुशासनातून सम्राटही सुटला नाही. थीओडोशियसच्या आज्ञेने 390 मध्ये थेसालोनायका येथे मोठी कत्तल झाली. तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोझ याने त्याला पत्र लिहून, त्याच्या उपस्थितीत आपण पवित्र विधी करू शकत नाही, असे कळविले. सम्राटाने जाहीर प्रायश्चित्त घेतले. अँब्रोझने त्याला चर्चच्या दारातच अडविले, ही कथा मात्र उत्तरकालीन आहे.

हे जाहीर प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळत असे. त्यामुळे अनेक जण ते मृत्युसमयापर्यंत लांबणीवर टाकीत. सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासीयांनी खाजगी व पुनःपुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाचा प्रसार केला. टोलेडोच्या परिषदेने (589) अशा पुनरावृत्तीचा निषेध केला, तरी तीच प्रथा रूढ झाली. चौथ्या लॅटरन परिषदेने (1215) प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून एकदा धर्मगुरूजवळ पापनिवेदन आवश्यक केले आणि त्याची गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युती व कायमचा मठवास ही शिक्षा ठरविली. यामुळे पाप्याची लोकलज्जेतून सुटका झाली; परंतु मंडळीचा त्यातील सहभागही संपला.

धर्मसुधारणेच्या काळात हा सहभाग निरनिराळ्या रूपांत परत आला. ॲनाबॅप्टिस्टांच्या श्लाइटहाइम येथील जाहीरनाम्याने (1527) मत्तयकृत शुभवर्तमानातील क्रमाचा पुनरुच्चार केला. जिनीव्हात कॅल्व्हिनच्या नियमावलीनुसार (1541) धर्मोपदेशक व 12 वडील यांची समिती दर आठवड्यास भरू लागली. कौटुंबिक कलह, जुगार, शिवीगाळ, उपासनेतील अनुपस्थिती अशी प्रकरणे तिच्यापुढे येत. तिने अनेक भांडणे मिटविली. मात्र शेजाऱ्यांवर पाळत ठेवण्याची वृत्तीही तिच्यामुळे बळावली. बहिष्काराचा अधिकार समितीचा की नगरसभेचा, हा वाद 1555 पर्यंत चालला. इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने 1742 पासून सु. बारा जणांचे वर्ग स्थापिले. त्यांतील सभासद दर आठवड्यास एकमेकांपुढे आपल्या आचरणाचा आढावा घेत.

अनुशासन चालविणाराच दोषी असेल तर काय, हा प्रश्न एकविसाव्या शतकात तीव्र झाला. धर्मगुरूंनी बालकांवर केलेले लैंगिक अत्याचार वरिष्ठांनी दडपल्याचे 2002 मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे उघडकीस आले व तेथील आर्चबिशपना पद सोडावे लागले. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये अशा तक्रारी धर्मसंघाच्या अधिकाऱ्यांस कळविणे धर्मगुरूंना बंधनकारक केले, बिशपांच्या चौकशीची पद्धती घालून दिली आणि या खटल्यांवरील विशेष गोपनीयता रद्द केली. पापनिवेदनाची गुप्तता मात्र अबाधित ठेवली. याउलट ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने त्याच वर्षी पापनिवेदनात समजलेल्या बाल-अत्याचाराची माहितीही शासनास देणे सक्तीचे केले. पश्चात्तप्त पाप्याच्या रक्षणासाठी निर्माण झालेली गुप्तता आणि पीडितांचा न्यायाचा हक्क यांतील हा संघर्ष आहे. वडिलांचा दोष सर्वांसमक्ष दाखविण्याच्या प्राचीन नियमाला त्यामुळे नवे महत्त्व आले आहे.