शुक्राणू पोहतो, पण ते पुरेसे नसते

१/८
६ ऑगस्ट १९८६. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात एका मुलीचा जन्म झाला. तिच्या आईच्या अंड्याचे फलन काचपात्रात झाले होते. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे हे यश. त्यामागे शुक्राणूच्या शोधाचा तीनशे वर्षांचा इतिहास उभा होता.

२/८
१६७७ मध्ये हॉलंडच्या डेल्फ्ट शहरात लेव्हेनहूक याने सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यातील शेपटीवाले, वळवळणारे जीव पाहिले. हालचाल दिसली, पण ती कोणाच्या सांगण्यावरून होते, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

३/८
पहिला धागा वनस्पतींमध्ये सापडला. १८८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फेफर याने बारीक काचनळीत मॅलिक आम्ल भरले. कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा याच आम्लाचा. नेच्याचे शुक्राणू त्या नळीकडे धावले. रसायन हीच त्यांची वाट होती.

४/८
१९५१ मध्ये अमेरिकेत चांग यांनी सशांवर, तर ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी उंदरांवर स्वतंत्रपणे प्रयोग केले. निष्कर्ष एकच : ताजा शुक्राणू पोहतो, पण अंड्याचे फलन करू शकत नाही. मादीच्या जननमार्गात काही तास घालवल्यावरच त्याला ती क्षमता लाभते.

५/८
ही क्षमता देणाऱ्या संकेतांपैकी एक आपल्या स्वयंपाकघरातील आहे : खायच्या सोड्यातील बायकार्बोनेट. त्याने शुक्राणूच्या आत रासायनिक साखळी सुरू होते आणि शेपटीचे फटके बदलतात. बॅव्हिस्टर यांनी हॅमस्टरच्या शुक्राणूंसाठी बनवलेला असाच अल्कधर्मी द्रव वापरून एडवर्ड्स यांनी १९६९ मध्ये मानवी अंड्याचे फलन काचपात्रात घडवले. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली.

६/८
त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून मुलगी जन्मली. त्यांच्यावर अविश्वास दाखवला गेला. १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. पुढे त्यांच्या नोंदी तपासून १९९७ मध्ये त्यांना पहिलेपणाचा मान मिळवून दिला, तो मुंबईच्या आनंद कुमार यांनीच. स्वतःकडील श्रेय दुसऱ्याच्या ओंजळीत घालणारे असे उदाहरण विरळाच.

७/८
२००१ मध्ये शुक्राणूच्या शेपटीत कॅल्शियमचे एक दार सापडले : कॅटस्पर. ते नसलेल्या नर उंदरांचा समागम सामान्य होता, शुक्राणूंची संख्याही पुरेशी होती. तरीही ते वंध्य होते. २०११ मध्ये कळले की मानवी शुक्राणूत हे दार प्रोजेस्टेरॉनमुळे उघडते. हे संप्रेरक अंड्याभोवतीच्या पेशी स्रवतात.

८/८
म्हणजे पौरुष आणि जननक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने आढळते. तरी आपल्याकडे ‘वांझ’ हा शब्द बाईच्याच वाट्याला आला आणि सवतही तिच्याच उरावर आणली गेली. वीर्यतपासणी ही साधी चाचणी आहे. ती आधी झाली असती, तर कित्येक संसारांचा इतिहास निराळा लिहिला गेला असता.