दावा आणि बंदोबस्त : ऑन्टारिओतील दोन नागरिक-चळवळींचा विचार

जमिनीचा तंटा आणि पोलिसांचे वर्तन हे विषय सामान्यतः दोन निरनिराळ्या शास्त्रांच्या कक्षेत मोडतात. पहिल्याचा विचार महसुलाचा व कायद्याचा इतिहासकार करतो, तर दुसऱ्याचा राज्यशास्त्रज्ञ. परंतु ज्या देशांत मूळ रहिवाशांच्या भूमीवर वसाहती उभ्या राहिल्या, तेथे हे दोन्ही विषय एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील इपरवॉश व कॅलेडोनिया या दोन ठिकाणच्या घटना या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. पोलिसांच्या वर्तनाविरुद्ध दोन्हीकडे नागरिक उभे राहिले. मात्र त्यांची गाऱ्हाणी परस्परांच्या अगदी उलट होती.

प्रथम इपरवॉशचे प्रकरण पाहू. ह्यूरॉन सरोवराच्या काठी स्टोनी पॉइंट येथे मूळ रहिवाशांची राखीव भूमी होती. कॅनडा सरकारने १९४२ मध्ये युद्धकालीन अधिकारांचा वापर करून ती लष्करी छावणीसाठी ताब्यात घेतली. युद्धानंतर गरज उरली नाही तर ती परत करू, असे आश्वासन देण्यात आले होते. तथापि युद्ध संपून अर्धे शतक लोटले तरी भूमी परत मिळाली नाही. अखेर ४ सप्टेंबर १९९५ रोजी काही मूळ रहिवाशांनी छावणीला लागून असलेल्या प्रांतिक उद्यानात ठाण मांडले. या उद्यानात आपल्या पूर्वजांची दफनभूमी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच दिवसांनी, ६ सप्टेंबरच्या रात्री, पोलिसांच्या गोळीबारात डडली जॉर्ज हा निःशस्त्र तरुण मृत्युमुखी पडला. गोळी झाडणारा अधिकारी १९९७ मध्ये न्यायालयात दोषी ठरला. परंतु पोलीस त्या रात्री तेथे कोणाच्या घाईमुळे चालून गेले, या प्रश्नाला त्या निकालात उत्तर नव्हते. ते मिळावे म्हणून मृताचे बंधू सॅम जॉर्ज व त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले नागरिक यांनी सार्वजनिक चौकशीची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. सत्तांतरानंतर २००३ मध्ये न्या. सिडनी लिंडन यांचा आयोग नेमला गेला व २००७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. तत्कालीन मुख्यमंत्री माइक हॅरिस यांनी पोलिसांना थेट हुकूम दिल्याचे आयोगास आढळले नाही. मात्र सरकारच्या उतावीळपणामुळे वाटाघाटींस अवसर उरला नाही, असा त्याच्या निष्कर्षांचा आशय होता.

या आयोगाचे काम चालू असतानाच कॅलेडोनियाचा तंटा उद्भवला. त्याचे मूळ मात्र सव्वादोनशे वर्षे मागे जाते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढल्यामुळे इरोक्वा संघातील सहा राष्ट्रांना आपला मुलूख गमवावा लागला. त्याची भरपाई म्हणून गव्हर्नर हॉल्डिमंड याने २५ ऑक्टोबर १७८४ रोजी ग्रँड नदीच्या दोन्ही तीरांची सहा-सहा मैल रुंदीची भूमी त्यांना व त्यांच्या वंशजांना निरंतर उपभोगासाठी लावून दिली. ही भूमी सुमारे ९,५०,००० एकर भरते. आज त्या समाजाकडे सुमारे ४६,००० एकरच, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी, शिल्लक आहे. मधल्या काळातील व्यवहारांपैकी १८४१ चा व्यवहार विशेष वादाचा ठरला. सरकारच्या मते त्या सुमारास झालेल्या करारांनी भूमी विक्रीसाठी राजसत्तेच्या स्वाधीन करण्यात आली. सहा राष्ट्रांच्या मते मात्र संमती दिली गेली ती केवळ भाडेपट्ट्यास.

अशा वादग्रस्त पट्ट्यातच एका कंपनीने घरबांधणी आरंभिली, तेव्हा २८ फेब्रुवारी २००६ रोजी सहा राष्ट्रांतील लोकांनी ती जागा अडविली. न्यायालयाने मनाई-हुकूम काढला. २० एप्रिलच्या पहाटे पोलिसांनी जागा मोकळी करण्याचा प्रयत्न केला. परंतु काही तासांतच शेकडो लोक परत जमले व पोलिसांना माघार घ्यावी लागली. पुढे प्रांतिक सरकारने ती जागा विकत घेतली व पोलिसांनी संयमाचे धोरण पत्करले. हा इपरवॉशचा धडा होता.

या संयमाविरुद्धच दुसरी चळवळ उभी राहिली. रस्ते अडविले जात असता, मारहाणीच्या व मालमत्तेच्या नासधुशीच्या तक्रारी होत असता पोलीस स्वस्थ का राहतात, असे कॅलेडोनियातील रहिवासी विचारू लागले. बाहेरगावाहून आलेले गॅरी मॅकहेल यांनी ‘दुहेरी पोलीसगिरी’ हा आरोप देशभर गाजविला. अडविलेल्या जागेजवळ कॅनडाचा ध्वज लावण्याच्या प्रयत्नात डिसेंबर २००६ मध्ये त्यांनाच अटक झाली. पुढे त्यांनी पोलीसप्रमुखांविरुद्ध खाजगी फिर्याद दाखल केली. ती २०१० मध्ये सरकारी वकिलांनी थांबविली. रहिवाशांच्या सामुदायिक दाव्यात प्रांतिक सरकारने २०११ मध्ये दोन कोटी डॉलरांची तडजोड मान्य केली. रहिवाशांचे गाऱ्हाणे अगदीच निराधार नव्हते, हे यावरून मान्य करावे लागते.

इपरवॉशला पोलिसांनी बळ वापरले म्हणून, तर कॅलेडोनियास ते वापरले नाही म्हणून, नागरिक उभे राहिले. दोहोंचीही मागणी समान कायद्याची होती. परंतु समान कायदा म्हणजे काय? ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये कॅलेडोनियाच्या प्रकरणातच याचे उत्तर दिले. खाजगी मालमत्तेचे रक्षण व न्यायालयीन हुकमांची अंमलबजावणी हे कायद्याच्या राज्याचे एक अंग होय. अल्पसंख्याकांच्या हक्कांचा आदर आणि वाटाघाटींद्वारा हितसंबंधांचा मेळ ही त्याचीच अन्य अंगे होत, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

भाषेच्या अभ्यासकास येथे आणखी एक गोष्ट जाणवते. सरकारी कागदपत्रांत मूळ रहिवाशांच्या मागणीस ‘दावा’ म्हटले जाते, तर घरे बांधणाऱ्या कंपनीच्या हक्कास ‘मालकी’. म्हणजे पुराव्याचा भार कोणी वाहावयाचा, हे शब्दानेच आधी ठरविलेले असते. वर्तमानपत्रांनी ज्यास ‘कब्जा’ म्हटले त्यास ती माणसे ‘भूमी परत घेणे’ म्हणत. त्या जागेस त्यांनी मोहॉक भाषेत ‘कानोन्स्टाटन’, म्हणजे ‘संरक्षित स्थान’, असे नाव दिले. आपल्याकडेही २००६ च्याच वनहक्क कायद्यान्वये आदिवासींना ‘दावा’ दाखल करावा लागतो. त्या कायद्याच्या प्रास्ताविकात ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे. तथापि दावेदार हा शब्द काही सुटलेला नाही.

मराठीत ‘बंदोबस्त’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एखाद्या प्रश्नाचा बंदोबस्त करणे म्हणजे त्याची कायमची व्यवस्था लावणे. पोलीस बंदोबस्त म्हणजे ती व्यवस्था लागेपर्यंत शांतता राखणे. इपरवॉशच्या छावणीविषयीचा अंतिम करार २०१६ मध्ये झाला, म्हणजे डडली जॉर्जच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी. कॅलेडोनियात २०२० मध्ये दुसऱ्या एका जागेवर पुन्हा तेच घडले व पुढील वर्षी तेथील घरबांधणीचा बेत सोडावा लागला. पहिल्या अर्थाचा बंदोबस्त टाळून सरकार जेव्हा दुसऱ्यावरच भिस्त ठेवते, तेव्हा पोलिसाने काहीही केले तरी तो कोणाच्या तरी दृष्टीने अपराधीच ठरतो. आणि अडथळ्याच्या दोन्ही बाजूंस उभे असलेले शेजारी परस्परांकडे बोट दाखवीत असता, ज्याने व्यवस्था लावावयाची तो तिसरा पक्ष नजरेआड राहतो.